सुपरकोलायडर बसवताना येणाऱ्या अडचणी : ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी लश्कर भागातल्या आमच्या घरी चार-पाच जण लॅपटॉप घेऊन येतात. कोणी गाणं शिकतंय, कोणी इंजिनियरिंगला आहे, एक काका रिटायर झाल्यावर हार्मोनियमकडे परत वळलेत. प्रश्न मात्र दर वेळी तेच. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. कमांड मी आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा, आणि जिथे "डॉट" आहे तिथे फक्त ठिपका द्या.

आणि हो, माझ्या मते प्रोग्राम उघडला म्हणजे सेटअप झाला असं नाही. तानपुरा वाजला आणि त्यावर तुम्हाला सा लावता आला, की झाला.

हे सुपरकोलायडर आहे तरी काय? आणि हेच का, दुसरं का नाही?

कोड लिहून आवाज तयार करायचं सॉफ्टवेअर. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये ते आणलं आणि २००२ मध्ये जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी मोकळं केलं, म्हणजे पैसे नाहीत, क्रॅक शोधायची गरज नाही. आत दोन वेगळे प्रोग्राम असतात हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा, पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. एक एससी-लँग, जिथे तुमचा कोड वाचला जातो, आणि दुसरा एससी-सिंथ, ज्याला आपण सर्व्हर म्हणतो, जो प्रत्यक्ष आवाज काढतो. दोघं एकमेकांशी ओएससी नावाच्या निरोपांतून बोलतात, एकाच लॅपटॉपवर असले तरी नेटवर्कवर असल्यासारखे. त्यामुळे कोड बरोबर असूनही आवाज नसेल तर बहुतेक वेळा सर्व्हर चालू नसतो किंवा चुकीच्या स्पीकरला जोडलेला असतो.

बाकीचेही चांगले आहेत. प्युअर डेटा मिलर पकेट यांचं, त्यात डबे जोडून काम करायचं, ज्यांना टायपिंगचा कंटाळा त्यांनी तेच घ्यावं. सीसाउंड बॅरी व्हर्को यांनी एमआयटीत १९८० च्या दशकात लिहिलं, अजून जोरात चालतं. लहान मुलांना सोनिक पाय द्या, सॅम ॲरन यांचं, आणि गंमत म्हणजे त्याच्या पोटात आवाज काढायला सुपरकोलायडरचाच सर्व्हर बसलाय. मी सुपरकोलायडर धरून बसले ते एवढ्यासाठी की त्यात स्वर म्हणजे कीबोर्डची पट्टी नसून थेट कंपनसंख्या असते. मला गंधार जिथे लावायचाय तिथे लावता येतो. ग्वाल्हेरात बसून हे महत्त्वाचं वाटणार नाही तर कुठे वाटणार.

लॅपटॉप कसा लागतो?

साधा चालतो. ४ जीबी रॅमवर आरामात. जुना असेल तर लिनक्स टाका. पैसे खर्च करायचेच असतील तर प्रोसेसरवर नको, बऱ्यापैकी वायरवाल्या हेडफोनवर करा. ब्लूटूथ नको, का ते पुढे येईलच.

विंडोजवर इन्स्टॉल केलं पण आवाज फार उशिरा येतो किंवा येतच नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे सावकाश वाचा.

पहिल्यांदा सर्व्हर चालू कराल तेव्हा विंडोजची फायरवॉल विचारेल की ह्याला नेटवर्क वापरू द्यायचं का. घाबरून "नाही" दाबू नका. वर म्हटलं तसं लँग आणि सर्व्हर आपसात निरोप पाठवतात, त्यासाठीच ते आहे. प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी द्या.

मग नवीन फाइलमध्ये "एस डॉट बूट" लिहा आणि त्याच ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि एंटर दाबा. पोस्ट विंडोमध्ये (उजवीकडची ती मजकुराची खिडकी) डिव्हाइसेसची लांब यादी येते. हीच यादी कोणी वाचत नाही! तिथे एकाच स्पीकरची नावं तीन-चार वेळा दिसतील, समोर एमएमई, वासापी, आसिओ असं काहीतरी. एमएमई जुनी पद्धत, चालते पण आवाज रेंगाळतो. तुमच्याकडे ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा आसिओ ड्रायव्हर टाका, नसेल तर आसिओ-फोर-ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर मिळतो तो टाका. नंतर "एस डॉट ऑप्शन्स डॉट डिव्हाइस" बरोबरचं चिन्ह देऊन यादीतलं नाव जसंच्या तसं अवतरण चिन्हात लिहायचं. स्पेस, कोलन सगळं तसंच, आठवून लिहू नका, कॉपी करा. आणि मग सर्व्हर पुन्हा चालू करा, कारण ऑप्शन्स बदलले तरी चालू असलेल्या सर्व्हरला ते कळत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी दर शनिवारी एकदा तरी म्हणते.

वासापी निवडलंत तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधला सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, तो आकडा) आणि सुपरकोलायडरचा सॅम्पल रेट एकच ठेवा. दोन्हीकडे ४८००० केलं की विषय संपला.

विंडोजवर युजरचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर त्यातून फोल्डरचे पत्ते बिघडून भलत्याच ठिकाणी एरर येऊ शकतात. इंग्रजी अक्षरात, स्पेस न देता नवीन युजर बनवलेला बरा.

मॅकवर "सॅम्पल रेट जुळत नाही" म्हणतं.

मॅकमध्ये माइक वेगळं डिव्हाइस आणि स्पीकर वेगळं, दोघांचे रेट वेगळे असले की सर्व्हर चालूच होत नाही. ब्लूटूथ हेडफोन लावला की हमखास, कारण त्याच्या माइकचा रेट खूप कमी असतो. ऑडिओ मिडी सेटअप उघडून दोन्ही ४८००० करा. माइक नकोच असेल तर आणखी सोपं आहे, "एस डॉट ऑप्शन्स डॉट नम-इनपुट-बस-चॅनल्स" शून्य करा आणि पुन्हा बूट करा.

लिनक्सवर?

उबुंटू किंवा डेबियन असेल तर "सुडो ॲप्ट इन्स्टॉल सुपरकोलायडर", झालं. आवाजासाठी जॅक (प्रोग्रामचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर) लागतो, पण हल्लीच्या सिस्टिमवर पाइपवायर असतं आणि ते जॅकचं सोंग घेऊ शकतं, त्यासाठी पाइपवायर-जॅक पॅकेज टाका आणि एडिटर "पीडब्ल्यू-जॅक एससी-आयडीई" असा चालू करा. आपल्या युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. आवाज तुटत असेल तर आधी हेच तपासा.

"ॲड्रेस इन यूज" अशी एरर येते, सर्व्हर चालू होत नाही.

आधीचा सर्व्हर मेलेला नाही, मागे बसून राहिलाय. एडिटर क्रॅश झाला की असं होतं. "सर्व्हर डॉट किल-ऑल" चालवा (एस कॅपिटल, ऑलचा ए कॅपिटल) आणि पुन्हा बूट करा. लॅपटॉप रीस्टार्ट करायची गरज नाही.

कोड रन करायचा कसा आणि आवाज बंद करायचा कसा?

आधी बंद करायला शिका. कंट्रोल आणि ठिपका, मॅकवर कमांड आणि ठिपका. हे बोटांना इतकं पाठ पाहिजे की डोळे मिटून दाबता आलं पाहिजे, कारण एक शून्य चुकून जास्त पडलं की हेडफोनमधून कान फाटेल असा आवाज येतो. कानांची थट्टा करू नका. नवीन कोड चालवताना हेडफोन गळ्यात, कानावर नाही, आणि आवाजाचा गुणक ०.१ पासून सुरू.

चालवायचं म्हणजे एक ओळ असेल तर कंट्रोल-एंटर. बऱ्याच ओळी एकत्र असतील तर त्या सगळ्या गोल कंसात ठेवा, कर्सर आत कुठेही असला तरी कंट्रोल-एंटरने पूर्ण कंस चालतो. एरर आली तर ती सांगते त्याच्या आधीची ओळ बघा, बहुतेक तिथे सेमीकोलन राहिलेला असतो.

"सिंथडेफ नॉट फाउंड" आलं तर घाबरायचं नाही. सिंथडेफ म्हणजे एखादा आवाज कसा काढायचा त्याची नाव दिलेली कृती, ती सर्व्हरकडे पोचायला क्षणभर लागतो आणि तुम्ही त्याच दमात ती वाजवायला सांगितलीत. दोन वेगळ्या कंसांत ठेवा, आधी एक चालवा मग दुसरा.

बफर किती ठेवू? लेटन्सी म्हणजे काय?

बफर म्हणजे आवाजाचे किती सॅम्पल एका दमात स्पीकरकडे पाठवायचे ते, आणि लेटन्सी म्हणजे त्यामुळे होणारा उशीर. साधा हिशोब आहे. बफरचे सॅम्पल भागिले सॅम्पल रेट. २५६ भागिले ४८००० म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, १०२४ ठेवलात तर २१.३. मिडी कीबोर्डवर वाजवायचं असेल तर २५६ च्या वर गेलात की बोटाला ते जाणवायला लागतं. नुसता तानपुरा वाजत राहायचा असेल तर १०२४ ठेवा, काही फरक पडत नाही, उलट मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की लॅपटॉप तापून मंद होतो तेव्हा मोठा बफरच वाचवतो.

पॅटर्न (स्वर ओळीने वाजवायची सुपरकोलायडरची सोय) वापरताना सगळं ०.२ सेकंद उशिरा येतंय असं वाटलं तर तो दोष नाही, सर्व्हरची लेटन्सी मुद्दाम तेवढी ठेवलेली असते, लय डगमगू नये म्हणून. आणि ब्लूटूथ हेडफोनवर ह्यातलं काहीच लागू होत नाही, तिथे उशीर ब्लूटूथमध्येच होतो, तुम्ही कितीही बफर कमी करा.

तानपुरा कसा बनवायचा? चारही तारा एकाच स्वरात वाजतात.

मला सगळ्यात आवडता प्रश्न, आणि ह्यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत.

"प्लक" नावाचं यूजेन (आवाज तयार करणारा सर्व्हरमधला छोटा ठोकळा) आहे. केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांची १९८३ साली छापून आलेली युक्ती त्यात आहे. गोंगाटाचा एक छोटा तुकडा घ्यायचा, एका ठराविक वेळाने तो परत परत फिरवायचा, दर फेरीत थोडा मऊ करायचा, की तार छेडल्यासारखा आवाज येतो. फेरीचा वेळ म्हणजे एक भागिले कंपनसंख्या. माझ्या आत्याचा सा काळी चार, म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. एक फेरी ४.८२ मिलिसेकंद. मंद्र पंचम त्याच्या पाऊणपट, १५५.७४. खर्ज निम्मा, १०३.८३, त्याची फेरी ९.६३ मिलिसेकंद.

मी हेल्पमधलं उदाहरण उचललं, त्यात ४४० चा आकडा होता, तो बदलून चार तारांचे चार आकडे घातले आणि मोठ्या उत्साहाने आत्याला ऐकवलं. ती दोन फेऱ्या ऐकून म्हणाली, "अगं, ह्याच्या चारही तारा एकच बोलतायत. पंचम कुठाय?" आणि खरंच, चारही एकाच चढ्या स्वरावर अडकलेल्या. मी आकडे तपासले, बरोबर. गुणाकार तपासला, बरोबर. दोन दिवसांनी कळलं की त्या उदाहरणात ४४० दोनदा येतो. पहिला असतो जास्तीत जास्त फेरी किती लांब असू शकते तो, दुसरा प्रत्यक्ष फेरीचा. मी दुसराच बदलला होता, पहिला तसाच, म्हणजे फेरी त्याहून लांब होऊच शकत नव्हती आणि कितीही खाली मागितलं तरी तार तिथेच थांबत होती. पहिल्या जागी ०.०५ लिहा आणि निश्चिंत व्हा, २० हर्ट्झपर्यंत पुरतं.

पुढचं सांगते. चारही तारांच्या ट्रिगरला (तार छेडायचा इशारा) वेगवेगळे फेज (इशाऱ्याचं आवर्तन कुठून सुरू करायचं तो आकडा) देऊन क्रम लावायचा प्रयत्न करू नका, फेज वाढवला की ती तार उशिरा न येता आधी येते आणि प-सा-सा-सा चा क्रम उलटा होतो. एकच ट्रिगर ठेवा, साधारण पाच सेकंदांनी एकदा, आणि बाकी तिघींना टी-डिलेने (इशारा उशिरा पोचवणारं यूजेन) मागे ढकला. जोडीच्या दोन तारा अगदी एक ठेवू नका, एक २०७.६५ आणि दुसरी २०७.८५ करा, मग पाच सेकंदात एकदा सावकाश एक लाट येते आणि आवाज जिवंत वाटतो. कोएफ नावाचा आकडा ०.५ वरून ०.१५ च्या आसपास आणा, तार उजळते. जवारी अजून नाही ती, खरी जवारी घोडीवर दोरा सरकवून लावायची गोष्ट आहे आणि ती कोडात आणायला मी अजून झगडतेय, पण रियाजाला बसता येतं एवढं नक्की.

माझा रेकॉर्ड केलेला तानपुरा सुपरकोलायडरमध्ये चढा वाजतो.

फाइल ४४१०० ची आणि सर्व्हर ४८००० चा. प्ले-बफ (फाइल वाजवणारं यूजेन) सॅम्पल मोजून वाजवतं, वेळ बघत नाही. त्यामुळे सगळं १.०८८ पट वेगाने जातं, म्हणजे जवळजवळ दीड स्वरपट्टी वर. काळी एकचा तानपुरा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो, ना इकडचा ना तिकडचा. रेटच्या जागी "बफ-रेट-स्केल" घाला. काका ह्यावरून आपला तानपुरा बेसूर आहे समजून दुरुस्तीला द्यायला निघाले होते, थोडक्यात वाचले.

शुद्ध गंधार हार्मोनियमसारखा लागतो, गळ्यासारखा नाही. काय करू?

मिडी-सीपीएस वापरताय ना? ते कीबोर्डच्या पट्टीच्या क्रमांकावरून कंपनसंख्या काढतं आणि सप्तकाचे बारा समान भाग करून देतं, हार्मोनियमसारखंच. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो साच्या ५/४ पट असतो, आणि समान भागांचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी). काळी एकच्या सा ला (१३८.५९) खरा गंधार १७३.२४, हार्मोनियमचा १७४.६१. फरक दीड हर्ट्झही नाही, पण साचा पाचवा उपस्वर (साच्या पाच पट) आणि गंधाराचा चौथा (त्याच्या चार पट) एकमेकांवर आपटतात तेव्हा सेकंदाला साडेपाच ठोके पडतात आणि कान खाजतो. म्हणून सा एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि बाकी स्वर त्याच्या पटीत लिहा. मध्यम ४/३, पंचम ३/२, कोमल गंधार ६/५. मग सा बदलला की सगळं सप्तक बरोबर सरकतं, जसं गायक बदलल्यावर तानपुरा पुन्हा लावतो तसं. ऋषभ आणि धैवत किती ठेवायचे हे राग ठरवतो, तिथे मी आकडा देणार नाही, तुमच्या गुरूंसमोर बसून कानाने लावा आणि मग तो आकडा लिहून घ्या.

आणि एक सावधगिरी. सुपरकोलायडरमध्ये गुणाकार आधी, बेरीज नंतर असा नियम नाही! डावीकडून उजवीकडे सरळ. एक अधिक दोन गुणिले तीन म्हणजे इथे सात नाही, नऊ. कंस घाला, कंजुषी करू नका.

स्वरांची नावं देवनागरीत लिहिता येतात का?

अवतरण चिन्हात हो, पोस्ट विंडोत छान दिसतात. व्हेरिएबलचं नाव मात्र इंग्रजी लहान अक्षरानेच सुरू झालं पाहिजे. आणि लांबी मोजू नका, "सा" ची लांबी विचारलीत तर ६ सांगेल, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं.

क्वार्क्स इन्स्टॉल होत नाहीत.

क्वार्क्स म्हणजे सुपरकोलायडरला वरून जोडायची जादा पॅकेजेस, ती गिट नावाच्या प्रोग्रामने उतरवली जातात. गिट नाहीये मशीनवर. ते टाका, एडिटर बंद करून उघडा, मग "क्वार्क्स डॉट जीयूआय". काही बसवलं की क्लास लायब्ररी पुन्हा कंपाइल करावी लागते, कंट्रोल-शिफ्ट-एल. सुरुवातीला क्वार्क्सच्या मागे लागू नका, आधी हेल्प वाचा, कोणत्याही शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-डी दाबलं की उघडते.

"अलॉक फेल्ड" येतं.

सर्व्हरची स्वतःची मेमरी फक्त ८ एमबी ठेवलेली असते. दहा सेकंदांचे चार-पाच डिले लावलेत की संपली. "एस डॉट ऑप्शन्स डॉट मेम-साइज" मध्ये ८१९२ च्या जागी ८१९२ गुणिले १६ करा आणि सर्व्हर रीबूट.

दर वेळी एवढं सगळं टाइप करायचं?

नाही हो. फाइल मेनूत "ओपन स्टार्टअप फाइल" आहे. डिव्हाइस, सॅम्पल रेट, मेमरी, सगळ्या ओळी तिथे एकदा लिहा. माझ्या फाइलमध्ये आत्याचा सा पण आहे आणि तानपुऱ्याचा सिंथडेफ पण, सकाळी एडिटर उघडला की दोन सेकंदांत खर्ज ऐकू येतो.

आमचे गुरुजी म्हणतात कॉम्प्युटरचा तानपुरा म्हणजे आळस. त्यांना काय सांगू?

वाद घालू नका, ते बरोबर सांगतायत अशा धोरणानेच वागा. ह्याच शहरात हद्दू खाँ-हस्सू खाँची गायकी घडली, इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा पायपीट करत शिकायला आले ते इथेच, आणि त्यांच्याकडून ती महाराष्ट्रात गेली. तानपुरा हाताने लावता येणं हा त्या शिक्षणाचा भाग आहे, तो कोडाने टळत नाही आणि टाळूही नये. मी रोज आधी खरा तानपुरा लावते, मग मोबाइलवर रेकॉर्ड करून कोडाशी ताडून बघते. कान ह्यानेच तयार झाला माझा. गुरुजींना लॅपटॉप दाखवायचाच असेल तर गंधाराचे दोन आकडे आलटून पालटून ऐकवा, ५/४ वाला आणि समान भागांचा, काही न बोलता. माझ्या आत्याने दुसऱ्या सेकंदाला मान हलवली होती.

मोबाइलवर जमेल का?

सुपरकोलायडर नीटसं नाही. नुसता कोडाने संगीताचा अनुभव घ्यायचा असेल तर स्ट्रुडेल नावाचं कोडाने संगीत करायचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

लाइट गेली, लॅपटॉप झोपी गेला, उठल्यावर आवाज नाही.

सर्व्हरच्या हातून स्पीकर सुटलेला असतो. "एस डॉट रीबूट". चार्जर लावल्यावर घूं आवाज येत असेल तर रियाजापुरता चार्जर काढून ठेवा, बॅटरीवर तासभर सहज निघतो.